एका पोच्याचे दोन भाव

(या भागात जे बोललो ते इथे लिहून काढलंय. अधूनमधून "म्हणजे काय की" कापलंय, बाकी जसं होतं तसंच.)



गाडीला पोचा पडला, बंपर खरचटला किंवा दरवाज्यावर कुणी रेघ ओढून गेलं, आणि तुम्ही गाडी घेऊन गॅरेजला गेलात, तर पहिला प्रश्न काय येतो? "कसं झालं? कुणाला लागलं तर नाही ना?" हा नाही. पहिला प्रश्न येतो, "इन्शुरन्समध्ये करायचं का कॅशमध्ये?" आणि तुम्ही काय उत्तर देता त्यावर भाव ठरतो.

आता जरा विचार करा. वडापाववाल्यानं विचारलं, "पैसे तुम्ही देणार का तुमचे सासरे?" आणि मग भाव सांगितला, तर आपण तिथून उठून जाऊ. गाडीच्या बाबतीत मात्र आपल्याला हे अगदी नॉर्मल वाटतं. पोचा तोच, पत्रा तोच, रंग तोच, आणि भाव दोन. हे असं का होतं आणि तो वरचा पैसा शेवटी कुणाच्या खिशातून जातो, एवढंच आजच्या भागात बघायचंय.

आमच्याकडचं सांगतो. पिशोर म्हणजे कन्नड तालुका. संभाजीनगरला जायचं तर पन्नास-साठ किलोमीटर. आता गावात कार भरपूर झाल्या, आणि उसाचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या पण भरपूर. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. रस्ता अरुंद. त्यामुळे आमच्या भागात गाडीला काय होतं, तर मोठा ॲक्सिडेंट कमी आणि घासाघाशी जास्त. माझ्या एका मित्राच्या हॅचबॅकचं असंच झालं. मागचा बंपर एका कोपऱ्यात फाटला आणि मागच्या दरवाज्याला हाताच्या पंज्याएवढा पोचा. गाडी पाचव्या वर्षात होती आणि आधी एकही क्लेम नाही.

गावातल्या डेंटरनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, सात हजारात करून देतो. बंपर बदलायची गरज नाही, जोडून देतो. दोन दिवस गाडी ठेवा." शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अंदाजपत्रक काढलं तर एकवीस हजार. आकडे मी थोडे गोल केलेत, पण प्रमाण हेच. मित्र म्हणाला, "इन्शुरन्स आहे ना, आपल्याला काय फरक पडतो?" हे वाक्य लक्षात ठेवा, आजचा अख्खा भाग या वाक्याबद्दल आहे.

आधी त्या एकवीस हजारांत काय होतं ते बघू. सगळीच लूट नाही, हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण "शोरूमवाले लुटतात" एवढं म्हणून विषय संपवणं सोपं आहे आणि ते अर्धवट आहे.

नवा बंपर पाच हजार. क्लिपा, बारीकसारीक सामान पाचशे. खोल-फिटिंग आणि डेंटिंगची मजुरी साडेतीन हजार. बंपर आणि दरवाजा असे दोन भाग रंगवायचे नऊ हजार. झाले अठरा हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,२४०. एकूण २१,२४०.

यात सगळ्यात जास्त पैसा कशात गेला? रंगात. आणि रंग हा खरंच किचकट प्रकार आहे. आपल्याला वाटतं, एवढासा ओरखडा, तेवढ्यावर ब्रश फिरवायचा. तसं होत नाही. गाडीच्या रंगाचे थर असतात. खाली प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर. मेटॅलिक रंगात बारीक चमकी असते, आणि ती फवारताना कशी बसली यावर उन्हात रंग कसा दिसेल ते ठरतं. शिवाय पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग डब्यातल्या नव्या रंगासारखा राहिलेला नसतो. म्हणून तेवढाच डाग न रंगवता अख्खा दरवाजा रंगवतात. कधी कधी शेजारच्या भागावरही रंग विरत न्यावा लागतो, नाहीतर दरवाजा वेगळ्या गाडीचा वाटतो. त्यासाठी बंद बूथ लागतो, धूळ चालत नाही, रंग वाळवायला उष्णता लागते. गावातला डेंटर हेच काम झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये करतो. त्याचं काम वाईट असतं असं नाही, पण दोन वर्षांनी क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटला तर त्याची गॅरंटी कुणी देत नाही. तर सात आणि एकवीसमधला काही फरक हा खरोखर कामातला फरक आहे.

दुसरं म्हणजे बंपरच्या आत आता बरंच काही असतं. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या कारना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. म्हणजे जो मागचा बंपर आधी नुसता प्लास्टिकचा तुकडा होता, त्यात आता सेन्सर आणि वायरिंग आहे. महागड्या गाड्यांत कॅमेरे आणि रडार आले, ते काढून परत बसवले की नीट जुळवून घ्यावे लागतात. ते काम चुकलं तर गाडी नको तिथं ब्रेक मारेल.

इथपर्यंत ठीक आहे. पण मग मुद्दा येतो की बंपर बदलायचा कशाला? डेंटर म्हणाला जोडून देतो. बंपर बहुतेक वेळा ज्या प्लास्टिकचा असतो ते तापवून जोडता येतं, घासून, पुट्टी भरून, रंगवून वापरता येतं. मग सर्व्हिस सेंटर बदलायलाच का सांगतं?

कारण दुरुस्तीला कसबी माणूस आणि वेळ लागतो, तर बदलायला फक्त स्टॉकमधला पार्ट लागतो. पार्टवर मार्जिन आहे. जोडलेल्या बंपरबद्दल उद्या गिऱ्हाईक भांडायला येईल, नव्याबद्दल येणार नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पैसे मोजणारा माणूस काउंटरवर उभाच नाही. तुम्ही कॅश देणार असता तर म्हणाला असता, "अहो, जोडता येतंय का बघा ना." इन्शुरन्स आहे म्हटल्यावर तुम्हीच म्हणता, "नवाच टाका." आमच्या ऑफिसात सर्व्हरचं बिल कंपनी भरते, म्हणून गरज नसलेले सर्व्हर रात्रभर चालू असतात, कुणी बंद करत नाही. हेच पर्सनल कार्डवर असतं तर सगळ्यांनी जेवायला जातानासुद्धा बंद केले असते.

मग विमा कंपनी हे बघत नाही का? बघते. तिचा सर्व्हेअर येतो, किंवा हल्ली छोट्या क्लेमला फोटो-व्हिडिओवरच काम होतं. तो म्हणतो, हा पार्ट दुरुस्त करा, बदलायचा नाही. हे वर्कशॉपला आधीच माहीत असतं. म्हणून अंदाजपत्रक लिहितानाच काटछाट होणार हे धरून लिहिलं जातं. सर्व्हेअरला माहीत असतं की वाढवून लिहिलंय, म्हणून तो आणखी कापतो. आठवडी बाजारात बैल विकताना जे चालतं तेच, फक्त इथे बैल तुमचा आणि सौदा दुसऱ्याच दोघांचा. आणि या सौद्याला दिवस लागतात. मित्राची गाडी आठ दिवस शहरात पडून होती, त्यातलं काम दोन-अडीच दिवसांचं. बाकीचे दिवस "अप्रूव्हल यायचंय". त्या आठवड्यात घरात लग्न होतं, भाड्याची गाडी करावी लागली. तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही.

आपणही या सौद्यात साधे नसतो, हे पण बोलू. "क्लेम करतोच आहे तर तो पुढचा जुना ओरखडा पण घालून टाका." हे वाक्य कुणी म्हटलं नाही असं सांगू नका. जुनं नुकसान नव्यात दाखवणं ही फसवणूक आहे, आणि असे सगळे पैसे वसूल होतात ते पुढच्या वर्षीच्या हप्त्यातूनच, तुमच्या आणि माझ्या.

आता पार्ट इतके महाग का, याची एक वेगळी गोष्ट आहे आणि ती फार लोकांना माहीत नाही. २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तक्रार तीन कार कंपन्यांविरुद्ध होती, की यांचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीला त्यांच्याच अधिकृत वर्कशॉपला जावं लागतं आणि ते म्हणतील तो भाव द्यावा लागतो. आयोगानं चौकशी वाढवली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. त्या चौदांमध्ये आपल्या शेंद्र्याला कारखाना असलेली स्कोडा होती, टाटा होती, महिंद्रा, मारुती, होंडा, टोयोटा, सगळी मोठी नावं होती.

आयोगाचं म्हणणं काय होतं, ते साध्या भाषेत सांगतो. कार कंपनी बरेच पार्ट स्वतः बनवत नाही, पुरवठादारांकडून घेते. आपल्या वाळूजच्या एमआयडीसीत असे सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. पण कार कंपन्यांनी या पुरवठादारांना ते पार्ट थेट बाजारात विकायला करारानं अडवलं होतं. म्हणजे वाळूजला बनलेला पार्ट पिशोरच्या गॅरेजवाल्याला तिथून घेता येणार नाही. तो आधी कार कंपनीकडे जाणार, तिच्या खोक्यात भरला जाणार, मग डीलरकडे येणार, आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत चढणार. आयोगानं सांगितलं की पार्ट आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळाली पाहिजेत, पार्टच्या किमती जाहीर करा, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं. पुढे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर गाड्या पण आहेत. पण तुम्ही तालुक्याच्या गावी जाऊन पाच वर्षं जुन्या गाडीचा ओरिजिनल हेडलाइट मागून बघा. आणि हेडलाइटचं तर अजूनच वेगळं. काच शाबूत, बल्ब शाबूत, फक्त बसवायचा प्लास्टिकचा कान तुटलेला, तरी अख्खा हेडलाइट घ्या. तो कान सुटा मिळतच नाही.

एक चांगली गोष्ट म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. बिलात तेवढा फरक पडला पाहिजे. जुन्या दरानं अंदाजपत्रक दिलं असेल तर विचारा.

चला, आता खरा हिशोब. "इन्शुरन्स आहे ना, आपल्याला काय फरक पडतो?"

मित्राकडे झिरो डेप नव्हता, साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी होती. साध्या पॉलिसीत घसारा कापतात. प्लास्टिक आणि रबराच्या भागावर सरळ ५० टक्के, गाडी कितीही नवी असो. म्हणजे पाच हजारांच्या बंपरचे अडीच हजार तुमचे. रंगाच्या एकत्र बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. नऊ हजारांवर ते ११२५ येतात. क्लिपा वगैरे कन्झ्युमेबलमध्ये, पाचशे तुमचे. या सगळ्यावरचा जीएसटी तुमचा, साधारण ७४० रुपये. आणि १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे पहिले हजार रुपये सक्तीनं तुमचे, त्याच्या वर इंजिन असेल तर दोन हजार. बेरीज केली तर ५,८७० च्या आसपास. म्हणजे "कॅशलेस" क्लेममध्ये मित्राच्या खिशातून पावणेसहा-सहा हजार कॅश गेली. डेंटर सातात करत होता!

पण थांबा, अजून संपलं नाही. एनसीबी, नो क्लेम बोनस. क्लेम न करता एक वर्ष काढलं तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के सूट. दोन वर्षांनी २५, मग ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. मित्र ४५ वर होता, पुढच्या रिन्यूअलला ५० होणार होते. एक क्लेम केला की शून्य.

समजा ओन डॅमेजचा हप्ता सूट न धरता ८,००० आहे. क्लेम नसता तर पुढच्या वर्षी निम्मे, ४,०००. आता पूर्ण ८,०००. तोटा चार हजारांचा. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच सूट, तोटा २,४००. मग २,०००, मग १,२००, मग ४००. पाच वर्षांची बेरीज बरोब्बर दहा हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, ११,८००. गाडी जुनी होत जाते, तिची विमा किंमत उतरते, त्यामुळे हप्ताही थोडा उतरतो. म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. नऊ-दहा हजार धरू.

म्हणजे बघा, आधी खिशातून सहा, नंतर हळूहळू नऊ-दहा. एकूण पंधरा-सोळा हजार. विमा कंपनीनं वर्कशॉपला दिले साधारण पंधरा हजार, आणि त्यातले बहुतेक ती पुढच्या पाच वर्षांत तुमच्याकडूनच परत घेणार. जवळजवळ बिनव्याजी कर्जच म्हणा. फक्त हे कर्ज घेऊन तुम्ही सात हजारांचं काम एकवीस हजारांत करून घेतलं.

झिरो डेप असेल तर चित्र थोडं बदलतं. घसारा कापत नाहीत, त्यामुळे आत्ता खिशातून कमी जातात. पण त्याचा हप्ता जास्त असतो, सक्तीचे हजार रुपये राहतातच, आणि एनसीबी तसाच जातो. एनसीबी वाचवणारं वेगळं ॲड-ऑन असतं, ते आहे का ते पॉलिसीत बघा. बऱ्याच जणांनी घेतलेलं असतं आणि त्यांना माहीतच नसतं. किंवा उलटं.

काही जण म्हणतील, चूक ट्रॉलीवाल्याची, त्याच्याकडून घ्या. कायद्यानं बरोबर आहे. थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं. पण त्यासाठी ट्रॉलीवाल्याचा विमा पाहिजे, पोलिसांत नोंद पाहिजे, आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. एका पोच्यासाठी वकील लावून कोण तारखांना जातंय? आणि ट्रॉलीवाला बऱ्याचदा आपल्याच शेजारच्या गावचा निघतो.

मग करायचं काय? मी काय करतो ते सांगतो. पोचा पडला की आधी पॉलिसीची पीडीएफ उघडतो. त्यात दोन आकडे शोधतो: ओन डॅमेजचा हप्ता आणि सध्याचा एनसीबी. मग मघाचा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर, पाच मिनिटांत. मग कॅशचा भाव दोन ठिकाणी विचारतो, आणि विचारताना इन्शुरन्सचं नावच काढत नाही. सर्व्हिस सेंटरलासुद्धा कॅशचा भाव विचारा. मित्राच्या वेळी तिथल्याच ॲडव्हायझरनं नंतर हळूच सांगितलं, "कॅशमध्ये असतं तर बंपर रिपेअर धरून चौदापर्यंत बसवलं असतं." हे सगळं दोन दिवसांत उरका, कारण नुकसान झाल्यावर लगेच कळवायची अट पॉलिसीत असते. खर्च घसारा, सक्तीची रक्कम आणि गेलेला एनसीबी यांच्या बेरजेच्या बराच वर जात असेल तर बिनधास्त क्लेम करा, त्यासाठीच हप्ता भरलाय. चेसिसला मार लागला, गाडी पाण्यात गेली, एअरबॅग उघडल्या, तर विचारच करू नका. काचेवर घसारा शून्य आहे, त्यामुळे फक्त पुढची काच फुटली असेल तर तिथलं गणित वेगळं, ते पण करून बघा.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. क्लेम कंपनीच्याच वर्कशॉपला करावा लागतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कॅशलेससाठी विमा कंपनीच्या यादीतलं गॅरेज लागतं. पण आधी कळवून, सर्व्हे करून घेऊन, यादीबाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून बिलाचे पैसे नंतर मागता येतात. अडचण अशी की सर्व्हेअर शहरातून यायचा, गॅरेजवाल्यानं पार्टचं आणि मजुरीचं वेगवेगळं बिल द्यायचं, आणि तोपर्यंत पैसे तुम्ही घालायचे. आमच्या गावचा डेंटर हातानं पत्रा असा सरळ करतो की बोट फिरवलं तरी कळत नाही. पण त्याचं बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. जीएसटी नंबर नाही, कारण सेवेला वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्तीच नाही. मग विम्याचं काम शहरात जातं आणि त्याच्याकडे उरतात जुन्या जीप आणि विमा संपलेल्या गाड्या. त्याचा मुलगा हे काम शिकायला तयार नाही. बोलता बोलता तो मला म्हणाला, "आता बंपर जोडायला कुणी येतच नाही, सगळे बदलतात. जोडायचं शिकून करू काय?"

मी त्याला एक साधा बिलाचा नमुना करून दिलाय मोबाइलवर. पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, रंगाचं मटेरियल वेगळं, खाली सही आणि शिक्का, सोबत कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. या बिलावर एखादा क्लेम पास होतो का ते अजून बघायचंय. कुणी यादीबाहेरच्या गॅरेजचा क्लेम पास करून घेतला असेल तर मला नक्की लिहा, काय काय कागद मागितले ते सांगा. आणि तुमच्या गाडीचे दोन्ही भाव असतील, कॅशचा आणि इन्शुरन्सचा, तर तेही पाठवा. गाडीचा नंबर झाकून.